नाणे खरे, साल खोटे

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने 'आजी-आजोबांच्या पेटीतून' असे एक छोटे प्रदर्शन भरवावे, असे शिक्षकांच्या बैठकीत ठरले. मोहन नगर आणि आसपासच्या मराठी घरांतून वस्तू येऊ लागल्या. पितळी अडकित्ते आले, शेराची मापे आली, पोलाद कारखान्यातील पहिल्या नोकरीची जपून ठेवलेली पत्रे आली आणि नाणी तर पुष्कळच आली. राणीछाप रुपये, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे. इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे नाण्यांची मांडणी माझ्याकडे सोपविण्यात आली. त्यांपैकी दोन नाण्यांनी आम्हांला आठवडाभर गुंतवून ठेवले.

पहिले नाणे नववीतील एका विद्यार्थिनीने आणले. ते तिच्या आजीच्या देव्हाऱ्यातले होते. तांब्याच्या रंगाच्या त्या नाण्यावर एका बाजूस राम, लक्ष्मण, सीता आणि मारुती, तर दुसऱ्या बाजूस इंग्रजी अक्षरांत 'ईस्ट इंडिया कंपनी', 'हाफ आना' आणि १८१८ हे साल. मुलीच्या वडिलांना कोणा अनोळखी माणसाचा दूरध्वनी आला होता. अशा नाण्याला लाखो रुपये मिळतात, फक्त आधी नोंदणीची रक्कम भरावी लागेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. 'प्रदर्शनात ठेवा, पण सोमवारी परत द्या,' असा निरोप मुलीबरोबर आला. सोमवारी ते पैसे भरणार होते.

वर्गात नाणे फिरविले. एक मुलगा चटकन म्हणाला, "कंपनी इंग्रजांची. ती रामाचे चित्र कशाला छापील? म्हणजे हे खोटेच." उत्तर बरोबर होते, कारण मात्र चुकीचे. मद्रास इलाख्यात कंपनीने पाडलेल्या 'पगोडा' नाण्यांवर विष्णूची मूर्ती आहे आणि त्यांतील काहींवर दुसऱ्या बाजूस मंदिराचे गोपुरही आहे. लोक ज्या नाण्यावर विश्वास ठेवतील ते पाडायचे, हे व्यापाऱ्याचे शहाणपण कंपनीजवळ होते. तेव्हा देवाच्या चित्रावरून निर्णय करता येत नाही. निर्णय करायचा तो सालावरून आणि किमतीवरून.

१८१८ म्हटले की आमच्या मुलांना पेशवाईचा शेवट आठवतो. छत्तीसगडच्या दृष्टीनेही हे साल मोठे आहे. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत करून इंग्रजांनी याच वर्षी या प्रदेशाचा कारभार आपल्या देखरेखीखाली घेतला आणि राजधानी रतनपूरहून रायपुरास आणली. (पाठ्यपुस्तकात याला एक ओळसुद्धा मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.) पण राज्य हाती आले म्हणून नाणी लगेच बदलली नाहीत. बंगालमध्ये कंपनीचा रुपया शाह आलम बादशहाच्या नावाने आणि एकाच गोठविलेल्या राज्यवर्षाने निघत होता. पुण्याच्या टांकसाळीत पेशवाईतला अंकुशी रुपया इंग्रजांच्या अमलातही पाडला जात होता. मद्रासेकडे इंग्रजी अक्षरांची, इंग्लंडात यंत्रावर पाडलेली तांब्याची नाणी होती, परंतु त्यांवरील किंमत 'कॅश'मध्ये असे. 'अर्धा आणा' असे इंग्रजीत लिहिलेली कंपनीची तांब्याची नाणी आली ती १८३० नंतरच. पुढे १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकच चलन ठरले. १८१८ साली 'हाफ आना' छापणारी टांकसाळ कंपनीजवळ नव्हती. म्हणजे हे कोणा अस्सल नाण्याची नक्कलही नव्हे. मूळच नाही, तर नक्कल कशाची?

मग हे काय आहे? यात्रांतून आणि देवळांबाहेर पूजेसाठी विकल्या जाणाऱ्या 'रामटंका' या मुद्रेची ही अलीकडची भावंडे. चलनात ती कधीच नव्हती. मूळ मुद्रा भक्तीची, त्यात कपट नाही. कंपनीचे नाव आणि जुने साल घातल्याने ती बाजारात बरी खपते, एवढेच. अशी नाणी १६१६, १७१७ अशा गमतीदार सालांचीही सापडतात.

सोमवारी मुलीचे वडील आले. मी त्यांना हे सारे सांगितले आणि रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेले निवेदनही दाखविले. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँक कोणाकडूनही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिने कोणाला दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ते बराच वेळ नाणे उलटसुलट करीत बसले. "मॅडम, म्हणजे याची किंमत काहीच नाही?" त्यांच्याबरोबर आलेल्या आजीच मध्ये बोलल्या, "देव्हाऱ्यातला देव विकायला काढलाच कशाला म्हणते मी?" पैसे भरले गेले नाहीत. नाणे प्रदर्शन संपेपर्यंत आमच्याकडे राहिले आणि मग आपल्या जागी गेले.

दुसऱ्या नाण्याची परीक्षा मला जड गेली, कारण तिच्यात शाळेचा स्वार्थ होता. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया शाळेस भेट दिला. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी तो चांगली किंमत मोजून घेतला होता. तो विकून ग्रंथालयास नवी कपाटे करावीत, अशी त्यांची इच्छा होती. हे साल संग्राहकांत फार दुर्मिळ मानले जाते. १९२२ नंतर कित्येक वर्षे चलनासाठी नवे रुपये पाडले गेले नाहीत. मग एकदम १९३८ चा रुपया येतो आणि तो भरपूर सापडतो. १९३९ चे मात्र फारच थोडे बाहेर आले. १९४० पासून चांदी शेकडा ९१.७ वरून ५० वर उतरली आणि बनावट रोखण्यासाठी नाण्याची कडही बदलली.

विज्ञानाच्या शिक्षकांनी प्रयोगशाळेतला तराजू काढला. १८३५ पासून रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच आपला तोळा. आमच्या आजीच्या पाककृतींत 'रुपयाभार सुंठ' असे, ते याच रुपयाच्या भाराइतके. आमचे नाणे भरले ११.६२ ग्रॅम. वापरातली झीज धरता अगदी योग्य. मग ते दोऱ्याने पाण्यात टांगून तोलले, तेव्हा १०.४९ ग्रॅम भरले. ११.६२ ला १.१३ ने भागले की घनता येते सुमारे १०.३. जुन्या रुपयाच्या मिश्रणाची हीच घनता. ओतीव नकलेत दिसणारी बारीक छिद्रे नव्हती, कडेवर सांधा नव्हता, दातेरी कड एकसारखी होती. फरशीवर टाकले तर बद्द नव्हे, खणखणीत वाजले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. कपाटांचे माप घ्यायला सुताराला बोलवावे, असे माझ्याही मनात येऊन गेले.

शंका काढली ती आठवीतल्या एका मुलीने. दुसऱ्या घरातून १९३८ चा रुपया आला होता. दोन्ही शेजारी ठेवून ती भिंगातून पाहत होती. "मॅडम, या नऊच्या खाली डावीकडे खरवडल्यासारखे आहे." पाहिले. शेवटच्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग बाकी नाण्यासारखा सपाट नव्हता. एका ठिकाणी तो किंचित खोल गेला होता आणि तेथे बारीक समांतर चरे होते. इंग्रजी आठाच्या खालच्या वर्तुळाची डावी बाजू कोरून टाकली की नऊ उरतो. उरलेल्या नऊचे पोट १९३८ च्या आठाच्या वरच्या वर्तुळाशी रेषेला रेष जुळत होते. नागपूरच्या एका जाणत्या संग्राहकांना नाणे दाखविले. त्यांनी भिंग लावले आणि अर्ध्या मिनिटात तेच सांगितले.

चांदी खरी, वजन खरे, ठसा खरा, टांकसाळ खरी. खोटा होता तो एक आकडा. तराजू आणि पाणी धातूची परीक्षा करतात, सालाची नाही. हे मी वर्गात आधीच सांगायला हवे होते. कपाटांच्या मोहात मी ते विसरले, हे येथे नमूद करते.

देणगीदारांना कळविणे माझ्याकडेच आले. क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाणे परत पाठवू नका. प्रदर्शनातच राहू द्या." चिठ्ठीवर काय लिहावे, असे विचारल्यावर मजकूर त्यांनीच सांगितला. त्या आठवीतल्या मुलीच्या अक्षरातली ती चिठ्ठी आता ग्रंथालयाच्या जुन्याच कपाटात नाण्याखाली आहे : 'एक रुपया, सहावा जॉर्ज, चांदी, १९३८. शेवटचा आकडा पुढे कोणीतरी बदललेला. भिंग शेजारी ठेवले आहे.'