दिनविशेष : १९ नोव्हेंबर – राजकन्या माफाल्दा यांचा जन्म

इटलीचे राजे तिसरे व्हिक्टर इमॅन्युएल आणि राणी एलेना यांची दुसरी मुलगी माफाल्दा हिचा जन्म १९ नोव्हेंबर १९०२ रोजी रोममध्ये झाला. १९२५ साली जर्मनीतील हेस घराण्याच्या फिलिप यांच्याशी तिचा विवाह झाला. फिलिप पुढे नाझी पक्षाचे मोठे अधिकारी बनले.

तरीही हिटलरचा तिच्यावर विश्वास नव्हता. ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे मेहुणे, बल्गेरियाचे राजे बोरिस वारले. त्यांच्या अंत्यसंस्कारासाठी ती सोफियाला गेली होती. ८ सप्टेंबरला इटलीने दोस्त राष्ट्रांशी केलेला युद्धविराम जाहीर झाला. जर्मनांच्या दृष्टीने तिच्या वडिलांनी दगा दिला होता. मुलांच्या ओढीने ती रोमला परतली. पतीचा फोन येणार आहे, असे सांगून तिला जर्मन वकिलातीत बोलावले गेले आणि तिथेच ताब्यात घेतले. तेव्हा फिलिपही अटकेत होते, हे तिला ठाऊक नव्हते. पतीवरील मायेचा असा फास करणे हे निव्वळ क्रौर्य होते.

तिला बुखेनवाल्ड छळछावणीत ‘फ्राउ फॉन वेबर’ या खोट्या नावाने ठेवले. २४ ऑगस्ट १९४४ रोजी छावणीलगतच्या शस्त्रकारखान्यावर दोस्तांच्या विमानांनी बाँबफेक केली. त्यात तिचा हात गंभीर जखमी झाला. छावणीतच तो कापण्यात आला, पण अतिरक्तस्रावाने काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला. ती अवघी ४१ वर्षांची होती. चार मुले मागे राहिली.

तिची समाधी जर्मनीत क्रोनबर्ग येथे हेस घराण्याच्या दफनभूमीत आहे.