जिवतीचे चित्र

जिवतीचे चित्र किंवा जिवतीचा पट हे श्रावण महिन्यात पूजले जाणारे मातृदेवतांचे चित्र आहे. मुलाबाळांना आरोग्य व दीर्घायुष्य लाभावे, यासाठी माता या चित्राची पूजा करतात. नाशिकसह महाराष्ट्राच्या अनेक भागांत ही प्रथा आढळते.

स्वरूप

पूर्वी हे चित्र घरातील भिंतीवर गंधाने रेखाटले जात असे. पुढे त्याची जागा मुख्यतः छापील कागदाने घेतली. कागदावर साधारणपणे स्तंभातून प्रकटलेला नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, जरा-जिवंतिका, तसेच हत्तीवर बसलेला बुध व वाघावर बसलेला बृहस्पती असतात. यांपैकी जरा व जिवंतिका मुलांना मांडीवर घेतलेल्या किंवा पाळण्यात जोजवणाऱ्या दाखवतात.

पौराणिक संदर्भ

महाभारताच्या सभापर्वात जरा राक्षसीची कथा येते. मगधाचा राजा बृहद्रथ याच्या दोन राण्यांनी चंडकौशिक ऋषींनी दिलेले एकच फळ वाटून खाल्ले. त्यामुळे प्रत्येकीस अर्धे शरीर असलेले मूल झाले व ती शकले बाहेर टाकण्यात आली. मांसभक्षक जरेने नेण्याच्या सोयीसाठी ती एकत्र जुळवताच त्यांतून सजीव बालक निर्माण झाले. तिने ते न खाता राजाच्या स्वाधीन केले. जरेने सांधलेला म्हणून त्याचे नाव जरासंध पडले. जो आपल्या भिंतीवर पुत्रांसह माझे चित्र काढील त्याच्या घराची भरभराट होईल, असेही जरा या आख्यानात सांगते. भिंतीवरील जिवतीच्या रेखाटनाशी हा उल्लेख मिळताजुळता आहे.

बालकांना खाणारी शक्तीच त्यांची रक्षक होणे, ही कल्पना बौद्ध परंपरेतील हारीतीच्या कथेतही आढळते. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २ मध्ये हारीती व पांचिक यांचे शिल्प असून हारीतीच्या मांडीवर मूल आहे. बालमृत्यूचे भय घरोघरी असलेल्या काळात अशा देवतांना प्रसन्न ठेवणे हा संरक्षणाचा उपाय मानला जाई.

पूजाविधी

आषाढ अमावास्येस किंवा श्रावणाच्या आरंभी हा कागद देवघराजवळ लावतात. दर शुक्रवारी जिवतीला हळदकुंकू, आघाडा-दूर्वांची माळ व कापसाची वस्त्रमाळ वाहून पुरणाचा नैवेद्य दाखवतात. सवाष्णीस जेवू घालण्याचीही रीत आहे. पूजेनंतर आई मुलांना औक्षण करते. मुले परगावी असल्यास त्यांच्यासाठी चारही दिशांना अक्षता टाकल्या जातात.