सोराफेनिब

सोराफेनिब हे यकृत, मूत्रपिंड व अवटू ग्रंथी यांच्या प्रगत अवस्थेतील कर्करोगांवर तोंडावाटे दिले जाणारे औषध आहे. बायर व ऑनिक्स या कंपन्यांनी ते संयुक्तपणे विकसित केले. ‘नेक्साव्हार’ हे त्याचे व्यापारी नाव आहे. भारतात सक्तीचा परवाना मिळालेले हे पहिलेच औषध असून तो परवाना मुंबईच्या पेटंट कार्यालयाने दिला.

कार्य

यकृताच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार यकृतपेशींपासून उद्भवतो. हिपॅटायटिस बी व सी विषाणूंचा दीर्घकालीन संसर्ग, मद्यपान आणि बुरशी लागलेल्या धान्यातील व शेंगदाण्यांतील अफ्लाटॉक्सिन ही त्याची प्रमुख कारणे होत. पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या ‘राफ’सारख्या विकरांना सोराफेनिब अटकाव करते, तसेच गाठीला रक्त पुरविणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची निर्मितीही रोखते.

परिणामकारकता

६०२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १०.७ महिने, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचे ७.९ महिने होते. म्हणजेच हे औषध रोग समूळ बरा करीत नाही, आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. तळहात व तळपाय सोलवटणे, अतिसार, थकवा आणि रक्तदाब वाढणे हे त्याचे दुष्परिणाम आहेत.

सक्तीचा परवाना

बायरला या औषधाचे भारतीय पेटंट २००८ मध्ये मिळाले. एका महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत सुमारे २,८०,००० रुपये होती. हैदराबादच्या नॅटको फार्मा कंपनीने २०११ मध्ये पेटंट कायद्याच्या कलम ८४ अन्वये अर्ज केला. पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी ९ मार्च २०१२ रोजी तो मंजूर केला. औषध पुरेशा रुग्णांपर्यंत पोहोचत नाही, ते परवडणाऱ्या दरात मिळत नाही आणि पेटंटचा भारतात वापर होत नाही, असे तीनही निष्कर्ष त्यांनी नोंदविले. नॅटकोने तेवढ्याच गोळ्या सुमारे ८,८०० रुपयांत विकाव्यात आणि बायरला निव्वळ विक्रीच्या ६ टक्के स्वामित्वशुल्क द्यावे, असे ठरले. अपील मंडळाने २०१३ मध्ये परवाना कायम ठेवून शुल्क ७ टक्के केले. मुंबई उच्च न्यायालयाने १५ जुलै २०१४ रोजी बायरची याचिका फेटाळली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

औषधकंपन्यांच्या मते अशा परवान्यांमुळे नव्या संशोधनातील गुंतवणूक धोक्यात येते. रुग्णहक्क संघटनांच्या मते रुग्णाला न परवडणारे औषध असून नसल्यासारखेच होय. भारतातील सक्तीच्या परवान्यांवरील चर्चेत हा निवाडा आजही आधारभूत मानला जातो.

सद्यस्थिती

पेटंटची मुदत २०२० मध्ये संपली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अटेझोलिझुमॅब व बेव्हासिझुमॅब यांचा संयुक्त उपचार सोराफेनिबपेक्षा सरस ठरला. त्यामुळे प्रथम उपचार म्हणून त्याचे स्थान मागे पडले असले, तरी गोळ्यांच्या रूपात घरी घेता येत असल्याने ते अद्याप वापरात आहे.