प्रेरक संवाद

प्रेरक संवाद : दारू, तंबाखू, आहार, औषधांतील नियमितता अशा सवयींबाबत बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून वदवून घेणारी समुपदेशनपद्धती. ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ हे तिचे मूळ नाव.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर नॉर्वेतील बर्गेन येथे तरुण सहकाऱ्यांना मुलाखतीची प्रात्यक्षिके करून दाखवत. हे सहकारी मिलर यांना मध्येच अडवत आणि ‘आत्ता हेच का विचारलंत?’ असे विचारत. या प्रश्नांच्या उत्तरांतून घडलेली मांडणी मिलर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. स्टीफन रोलनिक यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९९१ मध्ये आला.

‘रुग्ण ऐकतच नाही’ या नेहमीच्या तक्रारीला या मांडणीने धक्का दिला. रुग्णाचा विरोध बऱ्याचदा संभाषणातच तयार होतो. मिलर आणि सहकाऱ्यांच्या १९९३ मधील अभ्यासात समुपदेशक जितका वाद घालणारा, तितके रुग्णाचे पिणे वर्षभरानंतर अधिक आढळले.

प्रश्न कसा विचारायचा, यालाही महत्त्व आहे. उदाहरणार्थ, डॉक्टर विचारतात, ‘काका, तंबाखू सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहामध्ये सांगा.’ ‘चार.’ ‘मग दोन का नाही म्हणालात?’ ‘नात जवळ येत नाही हो, वास येतो म्हणते.’ ‘आठ का नाही?’ असे विचारले असते, तर काकांनी सबबी सांगितल्या असत्या.

आपुलकीने दिलेला थोडक्यातला सल्लाही वाया जात नाही, मात्र त्यामागे पाठपुरावा हवा. लंडनमधील पाच दवाखान्यांत झालेल्या, १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सल्ला आणि पत्रक देऊन ‘पुन्हा चौकशी करू’ असे सांगितलेल्यांपैकी ५.१ टक्के धूम्रपान करणारे वर्षभर त्यापासून दूर राहिले. काहीच न सांगितलेल्यांत हे प्रमाण ०.३ टक्के होते.

सल्ला कोण देतो, यालाही महत्त्व आहे. महाराष्ट्रात २०१६–१७ च्या तंबाखू सर्वेक्षणानुसार २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते आणि त्यांतील बहुसंख्यांची तंबाखू धूरविरहित होती. मशेरी, मावा, खैनी घराघरांत रुळलेली असल्याने अनोळखी माणसाचा उपदेश तिथे फारसा पोचत नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभ्या केलेल्या प्रकल्पाने यावर वेगळी वाट काढली. त्या-त्या गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आहार, स्वच्छता, बाळंतपण यांविषयी बोलणारी बाई ओळखीची असल्याने तिला शंकाही मोकळेपणाने विचारता येत.

प्रेरक संवादालाही मर्यादा आहेत. धूम्रपान सोडवण्यात ती उपयोगी पडते की नाही हे ठरवण्यास पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष वैद्यकीय संशोधनाच्या २०१९ मधील कॉक्रेन आढाव्याने काढला. समुपदेशकाचे कौशल्यही एखाद्या कार्यशाळेने टिकत नाही. मिलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधील चाचणीनुसार, स्वतःच्या मुलाखतींवर अभिप्राय आणि मार्गदर्शन मिळत राहिलेल्या समुपदेशकांतच ते अधिक टिकले.