सणासुदीचे हातकाम आणि त्याचे मोल



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी काही इतिहासाची पंडित नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वर्धा जिल्ह्यात संसार करणाऱ्या बाईला इतिहास शोधायला दूर जावे लागत नाही. तो आपल्या दारातच उभा आहे. म्हणून सणासुदीत आपण घरोघरी जे हातकाम करतो, त्याच्या मोलाविषयी चार शब्द लिहीत आहे.

भाद्रपद पौर्णिमेला मुली भुलाबाई मांडतात आणि कोजागिरीला तिला निरोप देतात. मध्ये नवरात्र, दसरा आणि पाठोपाठ दिवाळी. या दोन महिन्यांत आपल्या हातांना उसंत नसते. घर झाडा, भिंती पोता, अंगण सारवा, वाती वळा, कापसाची वस्त्रे करा, रांगोळी चाळा, करंज्या-चकल्या-अनारसे करा. याच दिवसांत, भाद्रपद वद्य द्वादशीला, तिथीप्रमाणे महात्मा गांधींचा जन्मदिवस येतो. गुजरातेत त्याला रेंटिया बारस म्हणतात. रेंटिया म्हणजे चरखा. आपला सणांचा महिना आणि चरख्याचा सण असे एकमेकांत गुंफलेले आहेत.

आपला मुलूख मुळातच कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकेकाळी विलायतेच्या बाजारातही माहीत होते. पूर्वी कापूस घरी आला की सरकी काढणे, पिंजणे, पेळू वळणे आणि सूत कातणे ही कामे घराघरांत होत. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा निराळा झाला आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आगगाडी आली. मग कापसाच्या गाठी गाडीत बसून परदेशी निघाल्या व गिरणीचे कापड गाडीतून उतरू लागले. पुढे हिंगणघाटलाही गिरणी निघाली. कातणारणीचा चरखा माळ्यावर गेला. त्याबरोबर तिच्या हातात स्वतःचे म्हणून जे चार पैसे येत, तेही गेले. वाती मात्र राहिल्या, कारण देवाला गिरणीची वात चालत नव्हती!

१९२१ मध्ये विनोबाजी वर्ध्याला आले आणि आश्रमात चरखा फिरू लागला. त्याच सुमारास जमनालालजी बजाज यांच्या घरच्या विदेशी कपड्यांची होळी झाली. जानकीदेवींनी उंची वस्त्रे आणि दागिने टाकून खादी पत्करली. सणाला नवे लुगडे घेताना आपण किती दुकाने पालथी घालतो, हे आठवले म्हणजे त्या माउलीच्या मनाचा निग्रह कळतो. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याच्यासाठी जमनालालजींनी आपली बाग दिली, तीच मगनवाडी. पुढल्या वर्षाच्या आरंभी गांधीजी तेथे राहावयास आले आणि १९३६ मध्ये शेगावला गेले. त्याच शेगावचे पुढे सेवाग्राम झाले.

मला सांगायची आहे ती गोष्ट १९३५ सालची. सूत कातणाऱ्या खेड्यातल्या बाईला त्या काळी दिवसभर कातून जेमतेम आणा-दीड आणा मिळे. खादी स्वस्त विकली जावी म्हणून कातणारणीची मजुरी तुटपुंजी ठेवलेली होती. हे गांधीजींच्या मनाला लागले. आठ तासांच्या चांगल्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत, म्हणजे तासाला एक आणा, आणि मजुरीत स्त्री-पुरुष असा भेद नको, असे त्यांनी मांडले. पुष्कळ कार्यकर्ते बिचकले. खादी महाग होईल, गिऱ्हाईक फिरकणार नाही, मग बायांना आज मिळते तेवढेही काम उरणार नाही, असे ते म्हणत. त्यांची भीती खोटी नव्हती. परंतु गांधीजींचे म्हणणे असे की, कातणारणीला उपाशी ठेवून मिळणारा स्वस्तपणा आपल्याला नको. अखेर आठ आण्यांपर्यंत मजल गेली नाही. तरी पोटापुरती किमान मजुरी हे तत्त्व चरखा संघाने त्याच वर्षी ऑक्टोबरात मान्य केले आणि कताईचे दर वाढले. इकडे नालवाडीला विनोबाजी स्वतः तासन्‌तास सूत कातून त्या मजुरीत पोट भरते का, हे अजमावीत होते. दुसऱ्याच्या कष्टाचा हिशेब आपल्या अंगावर घेऊन पाहणे, याहून खरी परीक्षा ती कोणती?

सुताचा हिशेबही कसा चोख! चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. एका गुंडीत अर्ध्या मैलाला थोडाच कमी धागा. सरावलेल्या हातालाही तिला दोन तास तरी लागत. लांबी मोजली, वेळ मोजला, म्हणूनच दाम ठरविता आला.

आपले हातकाम मात्र कोणी असे मोजले नाही. माझ्या आजेसासूबाई चातुर्मासात लक्ष वातींचा नेम करीत. देवासाठी एकेक वात मोजून लाखाचा हिशेब त्या बिनचूक ठेवीत. पण त्या वाती वळायला किती दिवस लागले, हे त्यांना कधी कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. घरच्यांसाठी केलेल्या कामाचे पैसे मागायचे नसतात, हे मलाही मान्य आहे. ती माया आहे. सेवाग्रामच्या कुटीत मीराबेनने मातीच्या भिंतीवर ताडाची झाडे आणि चरखा उठवून काढला, तोही काही दामासाठी नव्हे. परंतु मायेचे काम वेगळे आणि पोटासाठी विकलेले काम वेगळे. बाईच्या बाबतीत या दोहोंची सरमिसळ होते. "बाई घरी बसून तर करते, तिला कशाला इतके पैसे?" हे वाक्य आजही ऐकू येते.

आपले मंडळ दिवाळीच्या फराळाची आणि वातींची मागणी घेते. गेल्या वर्षी दर ठरविताना बेसन, तेल, साखर, गॅस सारे धरले. पहाटे चारपासून चकल्या पाडणारीचे तास शेवटी उरेल त्यात बसविले. दर वाढवू म्हटले तर गिऱ्हाईक जाईल, असे काहीजणी म्हणाल्या. अगदी १९३५ सालचेच बोलणे! मला वाटते, तेव्हाचे उत्तर आजही उपयोगी आहे. यंदा वहीत सामानाच्या रकान्याशेजारी तासांचा रकाना आखावा आणि तासाचा दर सर्वांनी बसून आधी ठरवावा. एकदम पुरेसा देता आला नाही तरी थोडा द्यावा, पण तो लिहून द्यावा. गिऱ्हाइकांनाही तो मोकळेपणाने सांगावा. पुष्कळजणी आपल्याच शेजारणी आहेत, त्या समजून घेतील.

आणि जिच्या डोक्यावर टोपली आहे अशी पणतीवाली दारात आली, म्हणजे दोन रुपयांसाठी घासाघीस करण्यापूर्वी माती भिजविण्यापासून भट्टी उतरविण्यापर्यंतचे तिचे दिवस मनात मोजावेत. हिशेब नुसता आपल्यापुरता मागायचा नसतो, दुसरीलाही द्यायचा असतो.