नॉटकर सरांचा वर्ग

आमच्या कामात डेटा एका सिस्टीममधून दुसरीकडे हलवला की आधी रेकॉर्ड्सची संख्या मोजतात. पण संख्या जुळली म्हणजे डेटा बरोबर आला असं नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. हीच तक्रार हजारेक वर्षांपूर्वी एका मठातल्या साधूने लिहून ठेवली आहे, हे वाचलं आणि मी त्या मठाच्या मागेच लागलो.

हा बेनेडिक्टाइन मठ आजच्या स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालनचा. ६१२च्या सुमारास गालुस नावाचा साधू इथल्या रानात झोपडी बांधून राहिला. ७१९मध्ये ओटमारने त्या जागी मठ उभा केला आणि ७४७पासून तिथे संत बेनेडिक्टची नियमावली लागू झाली. या नियमावलीत प्रार्थना आणि श्रमांबरोबर रोजचं वाचनही आहे. वाचायचं तर पुस्तकं हवीत, पुस्तकं हवीत तर ती हाताने उतरवणारे हवेत, आणि उतरवणारे हवेत तर शाळा हवी. नवव्या शतकात चर्मपत्रावर काढलेला एका आदर्श मठाचा आराखडा इथे जपून ठेवला आहे. त्यात दोन शाळा दिसतात: एक साधू होणाऱ्या मुलांची, दुसरी बाहेरच्यांची.

९२६मध्ये मग्यार घोडेस्वार मठावर चालून आले. विबोराडा नावाची तपस्विनी जवळच एका कोठडीत स्वतःला बंद करून राहत होती. तिने मठाधिपतींना आधीच सावध केलं होतं. माणसं लपली, पुस्तकं रायखेनाऊच्या मठात गेली. ती स्वतः कोठडीतून हलली नाही आणि मारली गेली. १०४७मध्ये तिला संतपद मिळालं. पोपने अधिकृतपणे संत ठरवलेली ही पहिली स्त्री. आज ग्रंथालयांची संत म्हणून तिला ओळखतात. संकट टळल्यावर पुस्तकं परत आली. त्याबद्दल एकेहार्ट चौथा लिहितो, की संख्या जुळली, पण पुस्तकं तीच नव्हती!

पुढे ९३७मध्ये मठाला आग लागली. एकेहार्टच्याच सांगण्यानुसार ती एका विद्यार्थ्याने लावली. मार द्यायला छड्या आणण्यासाठी त्यालाच वर पाठवलं होतं. छडीचं त्याने काय केलं, ते कळलंच.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती एकेहार्टच्या शिक्षकांची गोष्ट. नॉटकर तिसरे, टोपणनाव लाबेओ, म्हणजे जाड ओठांचे. शाळेतली मुलं घरी जर्मन बोलायची आणि पुस्तकं सगळी लॅटिनमध्ये. नॉटकर सरांनी काय केलं? आधी मूळ लॅटिन वाक्य घ्यायचं, गरज पडली तर त्यातले शब्द सोप्या क्रमाने मांडायचे, मग खाली जर्मन भाषांतर आणि स्पष्टीकरण. अ‍ॅरिस्टॉटलचं तर्कशास्त्र आणि बोएथियसचं तत्त्वज्ञान त्यांनी असं वर्गात आणलं. स्पष्टीकरणात पारिभाषिक शब्द बऱ्याचदा लॅटिनच राहायचे, बाकी वाक्य जर्मन.

१०१५च्या सुमारास त्यांनी सिऑनच्या बिशप ह्यूगोंना पत्र लिहिलं. परक्या भाषेत जे जेमतेम कळतं किंवा नीट कळतच नाही, ते मातृभाषेत किती लवकर समजतं, असा त्यातला मुद्दा. तुम्हाला हे आधी विचित्र वाटेल, हेही त्यांनी बिशपना सांगून टाकलं.

इथे मी थांबलो. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पॉइंटरची इंग्रजी व्याख्या मी घोकून परीक्षेत लिहिली, मार्क मिळाले, कळलं काहीच नाही. मग हॉस्टेलवर एक सीनियर म्हणाला, "अरे, पॉइंटर म्हणजे घर नाही, घराचा पत्ता. पत्ता खोडलास म्हणून घर पडत नाही." पॉइंटर शब्द इंग्रजीच राहिला, वाक्य मराठी झालं. एवढ्यावर माझी गाडी रुळावर आली. दादाने मला नॉटकर सरांच्याच पद्धतीने शिकवलं होतं, ते आत्ता समजलं.

२९ जून १०२२ रोजी साथीच्या रोगाने नॉटकर सर गेले. त्यांचं स्तोत्रसंहितेचं भाषांतर पुढेही उतरवलं गेलं, बाकीची फारशी मठाबाहेर गेली नाहीत. ईयोबाच्या पुस्तकावरचं काम तर हरवलंच. शाळांमध्ये लॅटिनचंच राज्य राहिलं. पद्धत चालत होती, मुलांना कळत होतं, तरी ती पसरली नाही. नवं काही सुचलं की ते आपोआप पसरेल असं आम्हा इंजिनिअर लोकांना वाटतं. तसं होत नाही. कुणीतरी ते पुढे चालवावं लागतं.

१८०५मध्ये मठ बरखास्त झाला. ग्रंथालय मात्र जागेवरच राहिलं. त्याच्या दारावर ग्रीकमध्ये लिहिलंय, आत्म्याचा दवाखाना. तिथली कितीतरी हस्तलिखितं आता स्कॅन होऊन मोबाईलवर पाहता येतात. मी नॉटकर सरांची काही पानं उघडली. दोन्ही भाषा मला येत नाहीत. तरी ती पानं ओळखीची वाटली, माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीसारखी: एक ओळ पुस्तकातली, तिच्याखाली आपल्या भाषेतली.

या आठवड्यात टीममध्ये एक नवीन मुलगा आलाय. मराठी माध्यमातला आहे. मीटिंगमध्ये गप्प बसतो. उद्या त्याला चहाला घेऊन जाणार आहे.