निर्वाह निधी : स्कॉटलंडच्या फ्री चर्चमधील परस्परसाहाय्य
18 मे 1843 रोजी चर्च ऑफ स्कॉटलंडच्या एडिंबरो येथील महासभेतून पाळकांचा एक मोठा गट बाहेर पडला आणि त्याच दिवशी टॅनफील्ड हॉलमध्ये जमून त्याने फ्री चर्चची स्थापना केली. मंडळीवर, म्हणजे एका उपासनामंदिराभोवती संघटित झालेल्या ख्रिस्ती समुदायावर, तिला नको असलेला पाळक जमीनदाराने लादावा आणि न्यायालयांनी तो हक्क उचलून धरावा, हे या गटाला मान्य नव्हते; परंतु या तत्त्वनिष्ठेपायी 474 पाळकांनी वेतन, राहते घर आणि उपासनामंदिर या तिन्हींवर पाणी सोडले.

नव्या चर्चचे पहिले अध्यक्ष टॉमस चामर्स यांनी फुटीपूर्वीच एक योजना आखून ठेवली होती. प्रत्येक मंडळीत वर्गणीदारांचा संघ असावा, गोळा करणाऱ्यांनी घरोघर जावे, गरिबाने आठवड्याला एक पेनी दिली तरी ती स्वीकारावी आणि जमलेली सारी रक्कम एडिंबरोच्या मध्यवर्ती निर्वाह निधीत जाऊन तिथून प्रत्येक पाळकाला समान वाटा मिळावा, असे तिचे स्वरूप होते. एडिंबरो आणि ग्लासगो येथील सधन मंडळ्या या निधीत घेण्यापेक्षा कितीतरी अधिक घालत, तर उत्तरेकडील डोंगराळ हायलँड्स आणि बेटांवरील गेलिकभाषक मंडळ्यांचे पाळक मुख्यतः त्याच पैशावर जगत. आपल्या पाळकाला वरकड रक्कम देण्याची मुभा सधन मंडळीला असल्यामुळे ही समता केवळ किमान वेतनापुरतीच होती. तरीही अडचणीतल्या मंडळीला शेजारच्या मंडळीपुढे हात पसरावा लागत नव्हता, आणि या व्यवस्थेचे खरे मोल तेच होते.

काही मंडळ्या ऐपत असूनही कमी देतात, हे लक्षात येताच चामर्स यांनी मंडळीचा वाटा तिच्या वर्गणीच्या दीडपटीशी बांधावा असा आग्रह धरला. त्यांची चिंता रास्त होती. मात्र जमिनीवरून हुसकावल्या गेलेल्या हायलँड्समधील कुळांना हा निकष लावणे अन्यायाचे ठरले असते. तिथले अनेक जमीनदार तर उपासनामंदिरासाठी जागाही देत नसत, म्हणून स्ट्राँशियनच्या मंडळीसाठी 1846 मध्ये सुनार्ट या सागरी खाडीत तरंगते चर्च नांगरून ठेवावे लागले. घरे गमावलेल्या पाळकांसाठी फ्री चर्चचे पाळक टॉमस गथ्री यांनी देशभर फिरून वर्षभरात एक लाख पौंडांहून अधिक रकमेची वचने मिळवली.

फ्री चर्चच्या मदतीसाठी अमेरिकेतील गुलामगिरीच्या राज्यांतूनही सुमारे 3,000 पौंड आले होते. ते परत करावेत यासाठी गुलामगिरीविरोधी वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी 1846 मध्ये स्कॉटलंडभर सभा घेतल्या. फ्री चर्चने ते परत केले नाहीत, आणि इतक्या उदात्त व्यवस्थेच्या इतिहासात हा कलंक कायम राहिला.

फुटीचा परिणाम मुंबईपर्यंत पोहोचला. जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट आणि जॉन मरे मिचेल हे तिथले मिशनरी फ्री चर्चमध्ये गेले आणि मिशनची मालमत्ता जुन्या चर्चकडे राहिली. स्वतःची उपासनामंदिरे नव्याने बांधत असलेल्या स्कॉटिश मंडळ्यांनी परदेशी कार्यासाठी वेगळी वर्गणीही चालू ठेवली, त्यामुळे मुंबईतील शिक्षणकार्य थांबले नाही, आणि त्याच परंपरेतून पुढे विल्सन कॉलेज आकाराला आले.